लहान मुलांमधली असामान्य हुशारी: कोल्हापूरच्या आईबाबांकडनं वारंवार येणारे प्रश्न

बालवाडीच्या गेटवर, व्हॉट्सअॅपवर, पालकसभा संपल्यावर चप्पल घालता घालता जे प्रश्न परत परत येतात ते इथं एकत्र केलेत. अडीच-तीन ते आठ वर्षांच्या पोरांबद्दल आहे हे सगळं. सुरुवातीचे सोपे, पुढचे जरा अडचणीचे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडं आलं असेल तर तिथला नंबर दिलाय, तिकडं बघा.

१. वर्गात पहिलं येणारं पोरगं आणि गिफ्टेड, म्हणजे असामान्य हुशार पोरगं, ह्यात फरक काय?

पहिलं येणारं पोरगं शिकवलेलं नीट धरून ठेवतं आणि विचारल्यावर बरोबर सांगतं, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. गिफ्टेड पोरगं शिकवलेल्याच्या पुढं आपलं आपण जातं, आणि त्या नादात बऱ्याचदा वहीतला अभ्यास अर्धवट टाकतं, त्यामुळं ते पहिलं येईलच असं नाही. मोजायचं म्हटलं तर आयक्यूची, म्हणजे बुद्ध्यांकाची, सरासरी १०० धरतात आणि १३० च्या वर शंभरात साधारण दोनच पोरं असतात. पण नुसत्या आयक्यूवर थांबू नका. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली ह्यांनी १९७८ मध्ये तीन गोष्टी एकत्र मांडल्या: सरासरीपेक्षा बरी क्षमता, नवीन काहीतरी सुचणं, आणि हातात घेतलेल्या कामाला चिकटून राहणं. माझ्या बघण्यात ही तिसरी गोष्टच लहान वयात सगळ्यात आधी दिसते आणि आपण तिलाच हट्टीपणा म्हणून गप्प बसवतो.

२. आमचं बाळ अडीच वर्षांचं आहे, राजधान्या, झेंडे, महिने सगळं पाठ आहे त्याला. गिफ्टेड म्हणायचं का?

स्मरणशक्ती चांगली आहे एवढं नक्की म्हणा. पुढचं बघायला थोडं थांबावं लागेल. पाठ केलेल्याचं ते स्वतः काय करतंय ते बघा. पाहुणे आले, म्हणवून घेतलं, टाळ्या झाल्या आणि विषय संपला, तर ते पाठांतर झालं. पण तेच बाळ बसमधनं जाताना कुठलातरी झेंडा बघून "ह्याच्यात पण चंद्र आहे, दोघांनी एकच चंद्र का घेतला" असं विचारत असेल तर डोकं चाललंय त्याचं. आणि एक कळकळीची विनंती, पाहुण्यांसमोर म्हणवून घेणं कमी करा. ज्या गोष्टीसाठी टाळ्या मिळतात तेवढीच गोष्ट पोरं परत परत करतात आणि बाकीचं शोधणं थांबतं.

३. मग घरात बघायचं तरी नक्की काय?

सगळ्यात आधी प्रश्न बघा. चार वर्षांचं कुठलंही पोरगं "का" विचारतंच, पण काही पोरांचे प्रश्न एकमेकाला जोडलेले असतात. एक चार वर्षांची मुलगी घरच्यांबरोबर गुऱ्हाळावर गेली, काहिलीत रस उकळताना बघितला, आणि विचारलं की रस पातळ होता मग गूळ घट्ट कसा झाला, पाणी कुठं गेलं. इथपर्यंत बरीच पोरं येतात. ही दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसपाशी उभी राहून म्हणाली, चहा लई वेळ उकळला तर त्याचा पण गूळ होईल का. एका ठिकाणी बघितलेलं दुसऱ्या ठिकाणी लावून बघणं, ही माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण.

बाकीच्या खुणा म्हणजे आवडीच्या कामात वयाच्या मानानं खूप वेळ रमणं, जेवायला बोलावलं तरी उठायचं नाही. खेळाचे नियम बदलून नवा खेळ काढणं. आपल्यापेक्षा मोठ्या पोरांत किंवा थेट आजोबांच्या गप्पांत जाऊन बसणं. शब्दांची गंमत, कोटी लवकर कळणं. "त्याला दोन आणि तिला एक का" ह्यावर मनापासनं चिडणं, स्वतःला कमी मिळालं म्हणून नव्हे तर तिसऱ्याच कुणाला कमी मिळालं म्हणून. कुणी न शिकवता बसच्या पाट्यांवरनं अक्षरं उचलणं.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, ही वाढ सगळीकडं सारखी नसते. पाच वर्षांच्या पोराचं डोकं आठ वर्षांचं, हात पाचाचेच आणि रडणं तीन वर्षांचं असू शकतं. डोक्यात पन्हाळ्याचा आख्खा तीन दरवाजा असतो आणि कागदावर नीट चौकोन पण येत नाही म्हणून कागद फाडतात ही पोरं. "एवढं कळतं आणि असं काय वागतंस" असं त्यांना म्हणू नका. सगळ्या खुणा एकाच पोरात दिसत नाहीत, आणि एक-दोन दिसल्या म्हणून लगेच ठरवायचं पण नाही, सहा-आठ महिने बघत राहा आणि पोराचे प्रश्न त्याच्याच शब्दांत एका वहीत तारीख घालून लिहा. पुढं टेस्ट करायची वेळ आली (प्रश्न ५) तर ही वही तज्ज्ञाला लई उपयोगी पडते.

४. आमची मुलगी वर्गात एकदम शांत असते, बाई म्हणतात काहीच त्रास नाही. पण घरात तिचं बोलणं ऐकून आम्हीच थक्क होतो. नक्की खरं कुठलं?

दोन्ही खरं. मुली फार लवकर ओळखतात की वर्गात कसं वागलं की बाई खूश होतात, मैत्रिणी जवळ घेतात, आणि तेवढंच दाखवतात. वाचता येत असलं तरी बाकीच्यांबरोबर अ-आ-इ गिरवत बसतात. दंगा करणाऱ्या मुलाकडं कुणाचं तरी लक्ष जातं, गप्प बसणाऱ्या मुलीकडं कुणाचंच जात नाही. घरात बोललेलं, काढलेलं, लिहिलेलं थोडं बाईंना नेऊन दाखवा, तक्रारीच्या सुरात नको, "बघा हो बाई, घरात असं करते" एवढंच. आणि घरी "मुलीच्या जातीला एवढे प्रश्न बरे नव्हेत" म्हणणारं कुणी असेल तर त्यांना तुम्हीच थांबवायला पाहिजे, कारण ती तुमच्याकडंच बघत असते.

५. आयक्यू टेस्ट कितव्या वर्षी करावी?

घाई नको. पाचच्या आतला आकडा फार हलता असतो, पोराला त्या दिवशी झोप आली, भूक लागली, समोरच्या मॅडम आवडल्या नाहीत, तरी बदलतो. सहा-सात वर्षांनंतर तो जरा स्थिर व्हायला लागतो. त्यातनं पण टेस्ट करायची ती काहीतरी ठरवायचं असेल तरच: वर्ग बदलायचा आहे, शाळेशी बोलायचं आहे, किंवा काहीतरी अडतंय आणि कळत नाहीये (प्रश्न १४, १६). नुसतं कळावं म्हणून, भावकीत सांगावं म्हणून टेस्ट करू नका.

६. टेस्ट कुठल्या असतात आणि कोण करतं?

आपल्याकडं दोन जुन्या आणि अजून चालणाऱ्या टेस्ट आहेत. एक बिने-कामत, जी वि. वि. कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, तीन वर्षांपासनं करता येते, आणि आपल्या सीमेवरच्या भागाला तर ती फारच जवळची. दुसरी मालिन्सची टेस्ट, ती नागपूरच्या मालिन ह्यांनी १९६९ च्या सुमारास बसवली, सहा ते पंधरा वर्षांच्या पोरांसाठी. भाषा कच्ची असेल किंवा घरची भाषा वेगळी असेल तर रेव्हनची रंगीत चित्रांची टेस्ट घेतात, तिच्यात बोलावं लागत नाही, नक्षीतला हरवलेला तुकडा शोधायचा असतो. वेश्लर नावाच्या टेस्टची भारतासाठी बसवलेली आवृत्ती पण आहे.

टेस्ट करणारी व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असावी, भारतीय पुनर्वास परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर बिनधास्त विचारा, त्यात लाजायचं काही नाही. टेस्ट समोरासमोर बसून होते, वेळ लागतो, आणि शेवटी आकड्याबरोबर नीट लिहिलेला रिपोर्ट मिळायला पाहिजे. मोबाईलवर पंधरा मिनिटांत होणारी टेस्ट म्हणजे खेळ. जायच्या आधी पोराला "परीक्षा आहे" म्हणू नका, "एक ताई तुझ्याबरोबर कोडी खेळणार आहेत" सांगा आणि पोटभर खाऊ घालून न्या. पुण्याला जायची तयारी असेल तर ज्ञान प्रबोधिनी आहे, १९६२ मध्ये आप्पा पेंडसेंनी हेच काम डोळ्यासमोर ठेवून सुरू केलेली संस्था, त्यांची प्रशाला पाचवीपासनं आहे.

७. आमचा १२८ आला, दोनच कमी पडले. परत करू का?

नको. प्रत्येक टेस्टमध्ये चार-पाच पॉइंट इकडंतिकडं धरलेलेच असतात, १२८ आणि १३२ मध्ये खरा फरक नाही. १९२१ मध्ये लुईस टर्मन नावाच्या शास्त्रज्ञानं कॅलिफोर्नियात टेस्ट घेऊन हजारावर हुशार पोरं निवडली आणि आयुष्यभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांना तेव्हा मार्क कमी पडले म्हणून घेतलं नाही त्यांच्यात विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते, पुढं दोघांना पण फिजिक्सचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ ला. आणि मुळात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिनेनी १९०५ ला पॅरिसमध्ये पहिली टेस्ट काढली ती कुठल्या पोराला जास्त मदत पाहिजे हे कळावं म्हणून. तुम्ही पण ती तशीच वापरा. रिपोर्टमधला आकडा बाजूला ठेवून कशात पुढं आहे आणि कशात मागं आहे ते वाचा, आणि पोराला आकडा सांगू नका, त्याच्या भावाबहिणीला तर अजिबात नको.

८. बोटांच्या ठशांवरनं टॅलेंट सांगतात ते खरं असतं का? आणि डोळे बांधून वाचायला शिकवणारा मिडब्रेनचा कोर्स?

दोन्हीला शास्त्राचा आधार नाही, पैसे घालवू नका. ठसे आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि त्यांच्यावरनं पोराला गणित जमेल की गाणं, हे सांगता येत नाही. रिपोर्ट चाळीस पानांचा आणि रंगीत असला तरी येत नाही. मिडब्रेनमध्ये पट्टीच्या खालनं, नाकाच्या बाजूच्या फटीतनं दिसत असतं, पुस्तक हनुवटीजवळ न धरता कपाळासमोर धरा, लगेच वाचन थांबतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं ह्याच्याविरुद्ध जाहीर आव्हानं दिलीत. मला ह्यातला सगळ्यात वाईट भाग हा वाटतो की सहा-सात वर्षांच्या पोराला फटीतनं बघून "दिसत नाही" म्हणायला शिकवलं जातं, आणि ते पण आईबापाच्या आनंदासाठी.

९. सुवर्णप्राशन, बदाम, बाळाला ऐकवायचं म्युझिक, ह्यानं बुद्धी वाढते?

पोर गिफ्टेड होईल असं ह्यातल्या कशानंच सिद्ध झालेलं नाही. मोझार्टचं संगीत ऐकवलं की बुद्धी वाढते ही गोष्ट १९९३ च्या एका प्रयोगावरनं आली, तो कॉलेजच्या पोरांवर होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला. सुवर्णप्राशन द्यायचंच असेल तर आधी बालरोगतज्ज्ञाला विचारा. खरा फरक कशानं पडतो ते सांगते, रक्तातलं लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांच्या आतली ६७ टक्के पोरं ॲनिमिक निघाली. अशा पोराचं लक्ष टिकत नाही, दमतं लवकर, आणि आपण म्हणतो हुशार आहे पण आळशी आहे. एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि झोप: तीन-चार वर्षांच्या पोराला दुपारची धरून दहा ते तेरा तास लागते.

१०. ताई, दिवसभर प्रश्न विचारून भंडावून सोडतंय, आणि आम्हाला उत्तरंच येत नाहीत. काय करू?

"मला माहीत नाही, चल शोधूया" हे पूर्ण उत्तर आहे, ह्याच्यात कमीपणा काही नाही. उलट मोबाईलमध्ये बघून लगेच उत्तर दिलं तर प्रश्न तिथंच संपतो. आधी पोरालाच विचारा, तुला काय वाटतंय. मग दोघं मिळून काहीतरी करून बघा.

आपल्याच गावातलं उदाहरण घ्या. अंबाबाईच्या किरणोत्सवाला जवळपास प्रत्येक घरातनं कुणीतरी जातं. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मावळत्या सूर्याची किरणं देवीच्या चरणांपासनं मुखापर्यंत चढतात. एका पहिलीतल्या पोरानं विचारलं, दोनदाच का, आणि ह्याच तारखा का. हा प्रश्न म्हणजे सोनं आहे. गच्चीवर जा, पश्चिमेला तोंड करून ठरलेल्या एका जागी उभं राहा, समोरच्या पाण्याच्या टाक्या, बिल्डिंगी, झाडं ह्यांचं साधं चित्र काढा आणि दर रविवारी सूर्य कशामागं मावळला तिथं तारीख घाला. दिवाळीपासनं सूर्य डावीकडं, म्हणजे दक्षिणेकडं सरकत जातो, २१-२२ डिसेंबरला थांबतो आणि परत फिरतो. म्हणजे जाताना ज्या जागी मावळला त्याच जागी येताना परत मावळणारच. मग कॅलेंडर घ्या आणि पोराला दिवस मोजू द्या: १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२ दिवस. हे पोरानं स्वतःच्या बोटानं मोजल्यावर त्याचा चेहरा बघा तुम्ही. आणि एखाद्या वर्षी किरणं मुखापर्यंत का पोचली नाहीत, ढग की धूर की मधली बिल्डिंग, हा पुढचा प्रश्न तेच काढतं.

तीन महिने चालणारा एक प्रश्न घरात असू द्या, रोज पंचवीस उत्तरं द्यायची गरज नाही.

११. आमची परिस्थिती साधी आहे, मी मेसचे डबे करते, मालक एमआयडीसीत. महागडी खेळणी, किट काही परवडत नाही. आम्ही काय देणार त्याला?

जे लागतं ते बरंचसं फुकट आहे. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, १९३८ ला, वाढले बनारसला. त्यांच्या लहानपणी घरात एक फळा होता आणि त्यांचे मोरूमामा त्याच्यावर गणिताचं कोडं लिहून ठेवायचे, सुटेपर्यंत ते तसंच राहायचं. फळा आणि खडू, एवढंच. कोडं घालणारं माणूस घरात नसेल तर शेजारचा कॉलेजचा पोरगा घालेल, शाळेतल्या बाई घालतील.

तुमच्या डब्यांच्या कामातच केवढं गणित आहे. बारा डबे, प्रत्येकात तीन चपात्या, दोघांना चार, मग पीठ किती. हिशेब तोंडी मोठ्यानं करा, पोरगं ऐकतं आणि एक दिवस तुमची चूक काढतं. मालकांना सुट्टीच्या दिवशी त्याला सायकल उलटी करून चेन कशी फिरते ते दाखवायला सांगा. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेवाची रोमन मूर्ती आहे, दोन हजार वर्षांपूर्वी ती पंचगंगेच्या काठाला कशी आली असेल ह्यावर आख्खा महिना जातो. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासनं आहे, लायब्ररीची सवय लावा, आणि पुस्तक पोरालाच निवडू द्या, मोठ्यांचं उचललं तरी चालेल. रोज थोडा वेळ तुम्ही स्वतः, मोबाईल बाजूला ठेवून, त्याच्याशी बोलता का, ह्याच्यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

१२. अबॅकस, फोनिक्स, चेस, रोबोटिक्स, कुठले क्लास लावू?

आठवड्याला एक, आणि तो पण पोरानं मागितलेला. अबॅकसनं तोंडी बेरीज-वजाबाकी पटापट होते, ते तेवढंच, गणिताची समज त्यानं आपोआप येत नाही. चेस आवडत असेल तर उत्तम. राजारामपुरीत संध्याकाळी तीन क्लासच्या मधे आईच्या स्कूटीवर बिस्किट खाणारी पोरं बघितली की वाईट वाटतं, त्यांना कंटाळा यायला वेळच मिळत नाही आणि नवीन काही सुचतं ते कंटाळ्यातनंच.

१३. "तू लई हुशार आहेस" म्हणू नका म्हणतात. मग कौतुकच करायचं नाही का? आणि आमचा तर हरला की बोर्डच उलटा करतो.

कौतुक भरपूर करा, फक्त केलेल्या कामाचं करा. १९९८ मध्ये म्युलर आणि ड्वेक ह्या दोघी मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या पोरांवर प्रयोग केले. काहींना म्हटलं तुम्ही हुशार आहात, काहींना म्हटलं तुम्ही मेहनत घेतली. हुशार म्हटलेल्यांनी पुढं सोपीच कोडी निवडली, अवघड आल्यावर लवकर सोडून दिलं, आणि स्वतःचे मार्क वाढवून सांगणारी पण त्यांच्यातच जास्त निघाली. हुशारपणा टिकवायची धास्तीच बसते पोराला.

म्हणून "तीनदा मोडलं तरी परत बांधलंस", "ही वाट कशी काय सुचली तुला" असं बोला. बोर्ड उलटा करणाऱ्याला मुद्दाम जिंकू देऊ नका, ही पोरं ते ओळखतात. त्याला जरा जड जाईल असं काम रोज एक तरी द्या. जे पोरगं सहा वर्षांपर्यंत कधी अडलंच नाही त्याला अडणं म्हणजे संकट वाटतं, आणि मग चौथी-पाचवीत एकदम हात टेकतं.

१४. शाळेत बाई म्हणतात एका जागी बसत नाही, एडीएचडी असेल. घरात मात्र तासभर लेगो खेळतो. काय समजायचं?

तीन शक्यता आहेत. नुसतं बोअर होतंय, खरंच एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा ही अडचण) आहे, किंवा दोन्ही आहे, आणि गिफ्टेड पोरांत तिसरी शक्यता विसरली जाते. आवडीच्या कामात तासभर बसणं एडीएचडी असलेल्या पोरांना पण जमतं, त्यामुळं लेगोवरनं निकाल लावू नका. अवघड काम दिल्यावर काय होतं ते बघा. त्याच्या डोक्याला पुरेल असं काम मिळाल्यावर वर्गातला दंगा थांबत असेल तर बहुतेक कंटाळा होता. आवडीच्या आणि पुरेशा अवघड कामात पण वस्तू हरवणं, मधेच उठणं, आपला नंबर येईपर्यंत न थांबणं हे सगळीकडं चालूच असेल, घरी, शाळेत, मामाच्या गावाला, तर बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. टेस्टबद्दल प्रश्न ५ आणि ६ मध्ये आहे.

बाईंशी बोलताना "माझा मुलगा गिफ्टेड आहे" अशी सुरुवात करू नका, वर्गात चाळीस-पन्नास पोरं सांभाळणारी बाई असते ती. एकच छोटी गोष्ट मागा: काम लवकर संपलं तर त्यानं काय करायचं. पुस्तक, कोड्यांची वही, फळ्यावर चित्र, काहीही चालेल. तेच दहा पानं जास्त लिहायची शिक्षा मात्र नको. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष गुण असलेल्या पोरांना नेहमीच्या अभ्यासापलीकडं प्रोत्साहन द्यावं असं लिहिलंय, त्यामुळं तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

१५. सगळं येतंय तर एक वर्ग पुढं ढकलावं का?

बाहेरच्या देशांत ह्यावर बरीच वर्षं अभ्यास झालाय आणि नीट पारखून पुढं पाठवलेली पोरं बहुतेक करून चांगली रुळतात, मित्र पण मिळतात. आपल्याकडं पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, शाळा आधी घेत नाहीत, आणि जन्मतारखेत घोळ करून घालायचा सल्ला कुणी दिला तर सरळ नाही म्हणा, तो घोळ पुढं पासपोर्टपर्यंत जातो. एका विषयापुरतं पुढं जाणं मला जास्त सोयीचं वाटतं. गणित तिसरीचं, बाकी सगळं पहिलीचं, आणि मैदानावर स्वतःच्या वयाच्या पोरांत. गल्लीत मोठ्या पोरांबरोबर खेळतंय का, त्यांच्यात टिकतंय का, ते बघा, पेपरच्या मार्कांपेक्षा त्याच्यावरनं जास्त कळतं.

१६. तोंडी विचारलं तर सगळं सांगते, पण लिहायला दिलं की रडते. दुसरीत आहे, अजून अक्षरं उलटी काढते. गिफ्टेड असून असं असतं का?

असतं, आणि ह्या पोरांचे हाल सगळ्यात जास्त होतात. डोकं तेज आणि सोबत डिस्लेक्सियासारखी वाचण्या-लिहिण्याची अडचण, दोन्ही एकमेकाला झाकतात. हुशारीच्या जोरावर पोर कसंबसं सरासरीला पोचतं, त्यामुळं अडचण पण दिसत नाही आणि हुशारी पण दिसत नाही, दिसतो तो फक्त "आळशीपणा". सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं उलटी येणं सर्रास आहे, दुसरीत पण राहिलं आणि वाचायला पण अडखळत असेल तर डोळे आणि कान तपासा, मग शिकण्याच्या अडचणींची तपासणी करून घ्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये अध्ययन अक्षमता घेतलेली आहे, प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत सवलती मिळतात. ते होईपर्यंत तिच्या गोष्टी तुम्ही लिहून घ्या, ती सांगेल तशा. लिहिता येत नाही म्हणून विचार करणं थांबायला नको.

१७. तीन वर्षांचा आहे, मराठी-इंग्लिश पाट्या सगळ्या वाचतो, पण बोलून काही मागत नाही, हाक मारली तरी बघत नाही. आजी म्हणते लई हुशार आहे, बोलेल उशिरा.

आजीचं प्रेम बरोबर आहे पण इथं वाट बघू नका. लवकर वाचणं आणि त्याच्याबरोबर बोलणं, बघणं, मागणं कमी असणं, हे ऑटिझममध्ये, म्हणजे स्वमग्नतेत, दिसू शकतं. ह्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाला दाखवा, ऐकण्याची तपासणी पण करून घ्या. लवकर मदत सुरू झाली तर लई फरक पडतो, आणि वाचनाची आवड हाच त्याला शिकवायचा रस्ता होऊ शकतो.

१८. पाच वर्षांची आहे, पावसाळा आला की झोपत नाही, परत पूर येणार का, आजी मरणार का, हेच. एवढ्या लहान वयात असं का?

कळतं जास्त आणि त्याला सामोरं जायची ताकद अजून वयाएवढीच, म्हणून. २०१९ आणि २०२१ चे पूर घराघरात बोलले जातात, ती ऐकत असते. "काही नाही होत" म्हटलं तर पटत नाही अशा पोरांना. खरी माहिती द्या, झेपेल एवढी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ फुटाला धोका पातळी असते, रोजचा आकडा पेपरात येतो, तो तिला वहीत लिहू द्या आणि पाणी चढलं तर आपण कुठं जायचं ते घरात सगळ्यांनी मिळून ठरवा. माहिती आणि प्लॅन हातात असला की बरीच शांत होतात. बातम्यांचे व्हिडिओ मात्र बंद. मरणाबद्दल विचारलं तर टाळू नका, तुमच्या घरात जे मानता ते साध्या शब्दांत सांगा. झोप, जेवण महिनाभर बिघडलेलंच राहिलं तर समुपदेशकाकडं जा.

१९. अभ्यासात साधा आहे, पण फुटबॉल बघाल तर मोठी पोरं थांबून बघतात. हे पण गिफ्टेडच का?

व्हय, बिनशर्त. कोल्हापूरला हे सांगायची गरज पडू नये. अल्लादिया खाँसाहेबांना गाण्यासाठी आणि आबालाल रहिमानांना चित्रांसाठी दरबाराचा आश्रय देणारं हे गाव, केशवराव भोसले पोरवयातच नाटक कंपनीत गेले आणि संगीतसूर्य झाले, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीचं ब्राँझ आणलं. पण आठ वर्षांच्या आत एकाच खेळाला जुंपू नका. तालमीत चांगला वस्ताद लहान पोराला आधी माती खेळू देतो, कोलांट्या, जोर-बैठका, अंग मोकळं करून घेतो, जोडीला लावायची घाई करत नाही. तेच सगळ्याला लागू आहे, चित्राला पण आणि गणिताला पण. आणि "आधी मार्क आण, मग ग्राउंडला जा" ही अट घालू नका, पोराची सगळ्यात बळकट बाजूच शिक्षा म्हणून काढून घेतल्यासारखं होतं.

२०. मी झेडपी शाळेत शिकवतो. आमच्या वस्तीवर पालक ऊसतोडीला जातात, असं काही विचारायलाच येत नाहीत. मी कसं ओळखू?

सर, हा प्रश्न ह्या सगळ्यात मोलाचा आहे. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत नाही आलं तर आईबापाला दंड ठेवला, कारण हुशारी कुठल्या घरात आहे हे शाळेत आल्याशिवाय कळणारच नाही. पुस्तकी प्रश्नांवर अशी पोरं सापडत नाहीत, कामात सापडतात. लहान भावंडाला सांभाळत स्वतःचा अभ्यास करणारी, दुकानात सुट्टे पैसे न चुकता मोजणारी, फड बदलला की दोन दिवसांत तिथल्या पोरांची भाषा उचलणारी, तुटक्या वस्तूची गाडी करणारी. नवीन खेळ शिकवा आणि कोण दुसऱ्याच डावात डावपेच काढतंय ते बघा. गोष्ट अर्धी सांगून सोडा, कोण शेवट वेगळा करतंय बघा. आणि पोरगं फडावर जायच्या आधी त्याच्या पिशवीत दोन पुस्तकं, एक कोरी वही आणि पेन्सिली घाला, परत आल्यावर वही बघायला मागा.

२१. स्कॉलरशिप, नवोदयची तयारी पहिलीपासनंच सुरू करू का?

नको. आपल्या जिल्ह्यात ह्या परीक्षांचं वातावरण तापलेलं असतं आणि कागलच्या नवोदयला सहावीला प्रवेश मिळणं ही मोठी संधीच आहे, पण तयारीला आधीचं एक-दीड वर्ष पुरतं. त्याच्या आधी वाचन, कोडी, खेळ. आणि एखाद्या शाळेनं पहिलीच्या प्रवेशासाठी पोराची किंवा तुमची मुलाखत घ्यायची म्हटली तर लक्षात असू द्या, शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये त्याला मनाई आहे.

२२. लहानपणी सगळे म्हणायचे विलक्षण आहे, आता आठ वर्षांचा झाला आणि चारचौघांसारखाच वाटतो. आमचं काही चुकलं का?

बहुतेक काहीच चुकलं नाही. काही पोरं लवकर सुरू करतात आणि बाकीची त्यांना सात-आठ वर्षांपर्यंत गाठतात, दोघांची पण वाढ नॉर्मलच. पण दोन गोष्टी तपासून घ्या. एक, तो मुद्दाम लपवतोय का, मित्र चिडवतात म्हणून (प्रश्न ४ मध्ये मुलींबद्दल लिहिलंय, मुलं पण करतात). दोन, त्याला अडेल असं काही मिळतंय का (प्रश्न १३). त्याला हे कधी ऐकू जाऊ देऊ नका की "आधी किती हुशार होता". एखाद्या शनिवारी दुपारी काही न ठरवता त्याच्याबरोबर बसा आणि सध्या डोक्यात काय चाललंय विचारा, आणि तो जे सांगेल, क्रिकेटपटूंचे ॲव्हरेज म्हणा, मुंग्या म्हणा, मोबाईल गेममधला नकाशा म्हणा, तिथनं सुरू करा.